उशीर बनवणारा झुहैर

जोफेच्या टेकडीवर कुणालाही विचारा, झुहैर काय करतो? लोक सांगतील, उशीर बनवतो. थट्टेनं नाही हं, अगदी खरं. खाली अम्मानच्या जुन्या बाजारात, रेडिओवाल्यांच्या गल्लीत त्याचं दुकान. दुकान कसलं, दोन गिऱ्हाइकं आत आली तर तिसऱ्यानं रस्त्यावरूनच ओरडायचं. तिथे बसून तो मुठीएवढ्या डब्या बनवायचा. वीज जाऊन परत आली की फ्रिजनं लगेच धडपडत सुरू होऊ नये, जरा दम खावा, त्यासाठी एक डबी. आठवड्यातून एकदा नळाला पाणी येतं, तेव्हा पंप नुसत्या हवेवर फिरून जळू नये, त्यासाठी दुसरी. जिन्यातला दिवा माणूस दारापर्यंत पोचेतो जळावा आणि मग आपला आपण विझावा, त्यासाठी तिसरी. डबी कुठलीही घ्या, आत माल एकच. थांबायला शिकवलेली एक चिप.

धंद्याच्या सुरुवातीला त्यानं एक घोडचूक केली होती. चिपला थांबवायचा सोपा मार्ग म्हणजे तिलाच मोजत बसवायचं. इतके लाख मोज, मग दिवा विझव. चिप बिचारी इमानदार, बसते मोजत. पण मोजताना ती ठार बहिरी असते. कुणी बटण दाबलं, कुणी टाहो फोडला, तिला पत्ता नाही. उम्म सुहैल नावाची एक जाडजूड बाई भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढत होती. दम लागला म्हणून मध्येच टेकली, आणि दिवा विझायच्या आत शहाणपणानं पुन्हा बटण दाबलं. कसलं काय! चिप मोजण्यात दंग. दिवा गेला, टोमॅटो गडगडत तळमजल्यावर, आणि बाईचा आवाज थेट रस्त्यावर.

"अरे मेल्या झुहैर! तुझा दिवा माझ्या नवऱ्यावर गेलाय. एकदा आपलं चालू झालं की बाई काय म्हणते ते ऐकायचंच नाही!"

गल्ली महिनाभर हसत होती. तेव्हापासून झुहैरनं ती बहिरी मोजणी सोडली आणि टायमर धरला. चिपच्या पोटात मोजणारा वेगळा बसवलेला असतो. तो आपला आपण मोजतो, आणि भरला की चिपच्या खांद्याला हात लावून सांगतो, झालं बरं का. तोवर चिप मोकळी. बटण बघेल, पाणी बघेल, आकडे दाखवेल. मोजणारा असतो लहान, नळाखाली धरलेल्या चहाच्या पेल्यासारखा क्षणात भरून वाहतो. मग किती पेले वाहून गेले याचा हिशेब चिपनं ठेवायचा, ठरलेले पेले झाले की वेळ झाली. झुहैर हे सगळं गिऱ्हाइकाला इतक्या प्रेमानं समजावायचा की निम्मी गिऱ्हाइकं डबी न घेताच सटकायची. "मोजणं आणि ऐकणं एकट्याला जमत नाही," असं तो म्हणायचा, आणि हे वाक्य आपल्याला सुचलं याचा त्याला भारी आनंद होता.

घरी बायको रुदैना, दोन मुली आणि वडील. वडील फरशी बसवणारे. उभा जन्म गुडघ्यांवर काढलेला. ओली वाळू, सिमेंट, त्यावर ओणवं होऊन एकेक लादी ठोकून बसवायची. पश्चिमेकडच्या पांढऱ्या बंगल्यांत बायका अनवाणी फिरतात ना, त्या फरशा त्यांच्या हातच्या. त्या कामावर झुहैर तंत्रशाळेत शिकला आणि त्याच कामानं वडिलांच्या गुडघ्यांचा भुगा झाला. मक्केला जाऊन आलेले, म्हणून सगळे त्यांना हज शफीक म्हणत. बायको गेली, काम सुटलं, बरोबरीचे लोक कुणी टेकडी सोडून गेले, कुणी जगच सोडून गेले. म्हाताऱ्याला उरलं काय, तर मशीद.

घर दगडी पायऱ्यांच्या मध्यावर, मशीद पार वर. पहाटे आणि रात्री अंधारात पायऱ्या चढायच्या नाहीत असं सुनेनं निक्षून सांगितलेलं, तेव्हा त्या नमाजा घरी. पण दुपारची आणि उन्हं कलतानाची, या दोन मशिदीत, सगळ्यांबरोबर, रांगेत उभं राहून. तिथे तडजोड नाही. काठी टेकत, कठड्याला धरत, ते वर जायचे आणि संध्याकाळी चहा घेताना सुनेला ऐकवायचे, "आजही इकामत माझ्या डोळ्यांदेखत झाली. एक दिवस चुकलो नाही मी, एक दिवस! तुमच्या त्या तरण्या पोरांना विचार, किती जण धापा टाकत मागनं येतात." दुसरं काही मिरवावं असं त्यांच्यापाशी राहिलंच नव्हतं. ते एवढंच मिरवायचे, आणि रुदैना खाली बघून चहात साखर ढवळत राहायची.

अजान म्हणजे बोलावणं. इकामत म्हणजे, आलात ना, उठा, सुरू करतोय. मधल्या वेळात माणसं हातपाय धुतात, दुकानाचं शटर ओढतात, पायऱ्या चढतात. अजान हल्ली साऱ्या शहराची एकच, यंत्रातून येते. इकामत मात्र ज्या त्या मशिदीची, आणि जोफेच्या मशिदीत ती अबू रातिब देत. अबू रातिब म्हणजे वाळका, तिरसट माणूस. आवाज फाटका, बोलणं त्याहून फाटकं. अजान झाली की ते दारात जाऊन उभे राहत, पायऱ्यांकडे तोंड करून, दात कोरत. मग केव्हातरी खाकरत आत येत आणि इकामत देत. कधी लवकर, कधी उशिरा. लोक जपमाळ ओढत बसलेले असत. का थांबलो, किती थांबलो, कुणी विचारायचं नाही.

एकटे अबू नस्री सोडून. अबू नस्रींचं औषधांचं दुकान, आणि मशिदीच्या समितीतही तेच. एक दिवस ते तणतणत झुहैरच्या दुकानात शिरले.

"काय इंजिनीयर! मशिदीला एक घड्याळ करून दे बाबा. बाकीच्या मशिदींत असतं तसं. अजान झाली की लाल आकडे उलटे पळायला लागतील, शून्य झालं की इकामत. आमच्याकडे सगळा अबू रातिबांच्या लहरीचा कारभार! काल माझ्या दुकानाबाहेर बाई तापलेलं पोर घेऊन उभी, आणि हे गृहस्थ दारात हवा खातायत."

"करतो की," झुहैर म्हणाला, "आणि माझ्याकडून. मशिदीचं काम आहे."

तो नुसता फुलून गेला होता. आजवर त्यानं जिन्यातले दिवे आणि पाण्याचे पंप केले, जे बिघडेपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाहीत. हे घड्याळ सगळी टेकडी दिवसातून पाच वेळा बघणार. त्यानं मन लावून काम केलं. चिपचा स्वतःचा ठोका उन्हात भरकटतो, म्हणून नेमका ठोका देणारा वेगळा स्फटिक बसवला. आकडे तळहाताएवढे मोठे केले, म्हाताऱ्यांनाही दिसावेत म्हणून. मग एका संध्याकाळी मसूर-भाताचं ताट पुढे घेऊन बसला असताना त्यानं वडिलांना विचारलं, "याबा, दुपारी तुम्हाला वर जायला किती वेळ लागतो हो?"

"किती म्हणजे?" म्हाताऱ्याला प्रश्नच अपमानाचा वाटला. "अजान ऐकली की उठतो, हातपाय धुतो, वर जातो. पोचतो तेव्हा इकामत व्हायची असते. कधी कधी तर ते अबू रातिब नुसते उभे असतात दारात, काही काम नसल्यासारखे. लाव पाच मिनिटं!"

"समितीवाले दहा म्हणतायत."

"दहा? दहा मिनिटांत मी वर जाऊन खाली येईन!"

झुहैर हसला. रुदैना ताट उचलता उचलता म्हणाली, "दहा थोडी कमी नाही होणार, झुहैर?"

"अगं, याबा स्वतः सांगतायत ना."

सासऱ्यांच्या तोंडावर ती काय बोलणार? खिडकीतून तिला रोज दिसायचं ते, म्हातारा प्रत्येक वळणावर कठड्याला टेकून कसा उभा राहतो. ती ताट घेऊन आत गेली.

घड्याळ समोरच्या भिंतीवर चढलं त्या सकाळी अबू रातिब खाली उभे राहून मान वर करून बघत होते.

"हे थांबतं का रे?" त्यांनी विचारलं.

"थांबेल कशाला? क्षणाचीही चूक करणार नाही."

"चुकेल असं कोण म्हणतंय? थांबतं का, विचारतोय."

"नाही, अम्मो. सुरू झालं की शून्यापर्यंत जाणारच."

"हं," म्हणाले अबू रातिब, आणि दात कोरत निघून गेले. झुहैरला वाटलं, म्हाताऱ्याची मक्तेदारी गेली म्हणून पोटात दुखतंय. त्याला त्या प्रश्नाचा अर्थ कळायला हवा होता, पण तो आपल्या आकड्यांवर खूष होता.

पहिल्या दिवशी दुपारी दुकान बंद करून तो मुद्दाम वर आला. अजान झाली, लाल आकडे उलटे पळू लागले आणि मशिदीत सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. लहान पोराचं बारसं असावं तसं लोक कौतुकानं बघत होते. अबू रातिब सवयीनं दारात गेले. आकडे संपले, घड्याळानं बारीक शीळ घातली. अबू रातिब हलले नाहीत.

"चला, चला, शून्य झालं!" अबू नस्री ओरडले. "आता का थांबलाय?"

अबू रातिबनी एकदा पायऱ्यांकडे बघितलं आणि आत येऊन इकामत दिली. नमाज सुरू झाली. ती संपत आली तेव्हा मागे काठीचा आवाज झाला. झुहैरनं तो ऐकला. नमाजेत मान वळवता येत नाही, पण ती काठी त्याला चांगली ओळखीची होती. सगळे उठले तेव्हा वडील मागे एकटेच आपला राहिलेला भाग पुरा करत होते. वाकताना एक हात भिंतीला.

झालं की ते थेट घड्याळाखाली आले. श्वास अजून बसला नव्हता. "पोरा, हे पळतंय," ते म्हणाले. "बघ जरा, नवीन आहे."

लोक हसले, झुहैरही हसला. त्यानं घड्याळ तपासलं, रेडिओशी ताडून पाहिलं. एका क्षणाचाही फरक नव्हता. दुसऱ्या दिवशी वडील पुन्हा मागून आले. तिसऱ्या दिवशीही. आणि ते काय करायला लागले म्हणाल, तर अख्ख्या टेकडीला सांगत सुटले, माझ्या पोराचं घड्याळ पुढे पळतं. न्हाव्याकडे सांगितलं, भाजीवाल्याला सांगितलं. चार दिवसांत बात खाली बाजारात पोचली. रेडिओवाल्यांची जात मोठी द्वाड. झुहैर दिसला की कुणीतरी मनगट कानाला लावायचं. "काय रे झुहैर, तुझ्या हिशेबानं संध्याकाळ झाली असेल ना? की उद्याच उजाडलंय?"

ज्याची सगळी कमाई वेळेच्या नेमकेपणावर, त्याला असलं बोलणं किती झोंबतं हे ज्याचं त्यालाच ठाऊक. त्याला झोप लागेना. शेवटी एक दिवस तो अबू रातिबकडे गेला. ते मशिदीच्या मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीजवळ बसले होते.

"अम्मो, घड्याळ बरोबर चालतंय. मग याबांना उशीर का होतो?"

अबू रातिबनी त्याच्याकडे बघितलं, मूर्खाकडे बघतात तसं. "तुझ्या बापाला नेहमीच उशीर होतो. दोन वर्षं झाली असतील. मी वाट बघायचो त्यांची. खालच्या वळणावर त्यांची पांढरी टोपी दिसली की मग आणखी जरा थांबायचं, ते हातपाय सावरून आत शिरेपर्यंत."

"त्यांना माहीत होतं?"

"वेडा आहेस का तू? बाकी सगळ्यांना माहीत होतं. त्यांना कळू द्यायचं असतं होय हे?" मग ते तोंड फिरवून म्हणाले, "मी विचारलं होतं तुला. थांबतं का. तू म्हणालास, चुकणार नाही."

दुपारी मशिदीत येणारी इतकी माणसं, त्या सगळ्यांनी हे जाणलं आणि झाकून ठेवलं, आणि एका घरात राहणाऱ्या आपल्याला दोन वर्षांत एकदाही दिसलं नाही. दिसणार कसं? तो दुपारी दुकानातच दोन रिकाम्या खोक्यांमध्ये चटई टाकून घाईघाईत उरकायचा. आता करायचं काय? बापाला सांगावं तर त्यांचा उरलासुरला मान जाणार. न सांगावं तर आपलं नाव जाणार. गप्प बसायचं असं त्यानं ठरवलं, मनापासून ठरवलं. बसला असता तर फार बरं झालं असतं.

पायऱ्यांच्या तळाशी तिळाच्या पावाची भट्टी आहे. संध्याकाळी माणसं तिथे जमतात, गरम पाव, अंडं, वर सातरचा सुका मसाला भुरभुरलेला. त्या दिवशी झुहैर बाजारातून तोंड पाडून येत होता, मनगट कानाला लावणारे आणखी दोघं भेटलेले. भट्टीपाशी वडील बसले होते, अबू नस्री होते, भट्टीवाला होता, आणखी तीन-चार जण. वडिलांनी त्याला बघितलं आणि मोठ्या मनानं म्हणाले, "याच्यावर कुणी हसायचं नाही सांगून ठेवतो. पोरगा हुशार आहे माझा. एक घड्याळ फसलं तर फसलं. माणसाच्या हातून चूक होते. मी माफ केलंय त्याला."

चार लोकांत माफी! नेमकी तीच त्याला सोसली नाही. शिव्या दिल्या असत्या तर त्यानं मुकाट ऐकून घेतल्या असत्या.

"घड्याळ फसलेलं नाही, याबा!" तो ओरडलाच. "घड्याळ बरोबर आहे. पळत नाही ते. तुम्हीच उशिरा पोचता. दोन वर्षं उशिरा पोचताय. अबू रातिब थांबून राहायचे तुमच्यासाठी, म्हणून तुम्हाला कळलं नाही!"

भट्टीवाल्यानं तोंड आत वळवलं. हज शफीकनी मुलाकडे बघितलं, जणू तो दुसऱ्या कुणाबद्दल बोलतोय.

"माझ्यासाठी थांबायचे?" त्यांनी विचारलं. मग अबू नस्रींकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

अबू नस्री बोटावरचे तीळ झटकत बसले. "मला दुकानाची घाई असायची, एवढंच. बाकी कुणी मनावर घेत नव्हतं हो, हज," ते म्हणाले.

म्हणजे माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. हज शफीकनी अर्धा पाव कागदात नीट गुंडाळला, खिशात ठेवला आणि काठी घेऊन उठले. झुहैर हात द्यायला पुढे झाला तर म्हणाले, "राहू दे, सावकाश येतो मी. तू हो पुढे." 'सावकाश' हा शब्द त्यांच्या तोंडून झुहैरनं कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी अजान झाली आणि म्हातारा उठला नाही. गुडघे दुखतायत म्हणाले. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. गुडघे तर काय, आधीही दुखत होतेच. रुदैना नवऱ्याशी बोलेना. बोलली ती एकदाच, "इतका वेळ विकतोस तू, घरच्या माणसाला थोडा देता येत नव्हता?" आणि दार आपटून गेली.

मग झुहैरनं डोकं चालवलं. मोजणाऱ्याला थांबवणं खरं तर पोरखेळ असतो. त्याच्याकडे येणारे ठोके अडवायचे, बस्स. आकडा आहे तिथेच उभा राहतो. ठोके सोडले की पुढे चालू. त्यानं घड्याळातून एक तार काढली, दाराच्या चौकटीपर्यंत नेली आणि तिथे भिंतीत एक छोटं बटण बसवलं. दाबून धरलं की घड्याळ थांबेल, सोडलं की चालेल. अबू रातिबना दाखवलं.

"आता कळलं होय," अबू रातिब म्हणाले. मग बटणावरून बोट फिरवलं. "होईल का रे याचा काही उपयोग?"

"का नाही होणार? पहिल्यासारखंच तर आहे."

घरी येऊन त्यानं वडिलांपुढे गुडघे टेकले आणि साफ खोटं बोलला. "याबा, चूक सापडली. घड्याळातच होती. तुमचं बरोबर होतं. दुरुस्त केलं."

म्हाताऱ्यानं विचारलं, "आणि ते अबू रातिबचं? थांबायचे ते?"

"रागात बोललो मी. त्यांना विचारलं परत. एक-दोनदा थांबले असतील पावसाबिवसात."

त्यांना ते खरं वाटलं की खरं वाटायला हवं होतं, देव जाणे. पण चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि अजानच्या पहिल्या शब्दाबरोबर काठी उचलली. रुदैनानं दारात त्यांच्या सदऱ्याची कॉलर सारखी केली. झुहैर आधीच मशिदीत जाऊन बसला होता.

आकडे पळत होते. दारात अबू रातिब, एक डोळा पायऱ्यांवर, एक बोट बटणावर. शेवटच्या सेकंदांत तीनचा आकडा आला आणि थांबला.

पहिल्या क्षणी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एकानं दुसऱ्याला कोपर मारलं. "बिघडलं वाटतं." कुणी म्हणालं, "वीज गेली असेल." "वीज गेली तर आकडा कसा दिसतोय, शहाण्या?" अबू नस्री वळून झुहैरकडे बघायला लागले. पूर्वी अबू रातिब थांबायचे तेव्हा सगळे खाली बघून माळ ओढत असायचे, थांबणं कुणाला दिसायचं नाही. आज समोर भिंतीवर तळहाताएवढा लाल तीन, हलायचं नाव नाही. एकूण एक माणूस त्याच्याकडे बघत होता. तिथून दाराकडे, दाराकडून परत तिथे. थोड्या वेळानं ज्यांना काय चाललंय ते कळलं त्यांनी नजरा खाली घातल्या. एका पोरसवदा माणसानं जोरात सुस्कारा सोडला.

काठीचा आवाज आला. हज शफीक दारात उभे राहिले, धापा टाकत, तोंड लाल. आधी त्यांनी घड्याळाकडे बघितलं. तीन! त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की झुहैरला वाटलं, जिंकलो. म्हाताऱ्यानं चपला काढल्या आणि डोळे न हलवता तीनाचा दोन व्हायची वाट बघत उभे राहिले. दोन होईना. त्यांनी भुवया आवळल्या. तेवढ्यात अबू रातिबनी हळूच बोट उचललं, आणि भिंतीवर दोन उमटला.

अबू रातिबचा हात अजून चौकटीवरच होता. हज शफीकनी तो हात बघितला, त्याखालचं बटण बघितलं, आणि आपल्याकडे बघणारी सगळी मशीद बघितली. मुलाकडे मात्र बघितलं नाही.

"हे कशाला करता, अबू रातिब," ते अगदी हळू म्हणाले. "लोकांना कामं असतात."

चपला पुन्हा पायात सरकवायला त्यांना वेळ लागला. मग ते वळले आणि उतरायला लागले. झुहैर धावत बाहेर आला तेव्हा ते पहिल्या वळणापाशी कठड्याला धरून उभे होते. त्यानं हाक मारली तर नुसता हात हलवला, आत जा म्हणून. आतून इकामत सुरू झाली. झुहैर उंबऱ्यावर उभा राहिला, इकडेही नाही आणि तिकडेही नाही, आणि नमाज त्याच्याशिवाय झाली.

त्यानंतर हज शफीक परत वर गेले नाहीत. झुहैरनं ते बटण उपटून काढलं, चौकटीतलं भोक सिमेंटनं बुजवलं. घड्याळ चालू राहिलं, कुणाची तक्रार नव्हती. अबू नस्रींचं दुकान आता वेळेवर उघडतं. अबू रातिब दारात जायचे बंद झाले, पहिल्या रांगेत बसून आकडे संपायची वाट बघतात. खाली घरात वडिलांची खुर्ची खिडकीपाशी लावली. गुडघे वाकत नाहीत म्हणून ते खुर्चीवर बसूनच नमाज पढतात. चांगले खातात, नातींशी खेळतात, फक्त वर काय चाललंय ते विचारत नाहीत. कधी इकामत चुकली नाही वगैरे बोलणंही बंद झालं. रुदैना चहा देते, ते पितात.

हिवाळ्यात एक दिवस झुहैर दुपारीच घरी आला. आता रोज दुपारी मी घरी येईन, दुकान गेलं खड्ड्यात, असं त्यानं वाटेत ठरवलं होतं. दोन माणसं असली तरी जमात, म्हणजे एकत्र नमाज, होते. बापानं पढवावी, आपण त्यांच्या उजव्या हाताला उभं राहावं. वरून अजान नुकतीच संपली होती. वडील हातपाय धुऊन खुर्चीवर येऊन बसले होते.

"तू कसा काय?" त्यांनी विचारलं. "वीज नाही का दुकानात?"

"आहे. म्हटलं, आज आपण दोघं इथेच पढू. तुम्ही पढवा, मी शेजारी."

"दुकान?"

"बंद केलं."

हज शफीकनी त्याच्याकडे बघितलं. रागावले नव्हते, तेवढा जोर त्या नजरेत राहिला नव्हता. "म्हणजे तूही थांबणार आता माझ्यासाठी," ते म्हणाले.

"याबा, तसं नाही हो..."

"मला कुणाला थांबवायचं नाही, पोरा. आयुष्यात कुणाचं काम खोळंबवलं नाही मी. जा वर. अजान होऊन गेलीय, तुला उशीर होईल."

झुहैर काही बोलणार तेवढ्यात त्यांनी दोन्ही हात कानांपर्यंत उचलले आणि एकट्यानंच नमाज सुरू केली. नमाजेतल्या माणसाशी बोलता येत नाही. तो थोडा वेळ त्यांच्या पाठीशी उभा राहिला. त्यांच्या शेजारी उभं राहून सुरुवात करावी असं एकदा मनात आलं, पण त्यांनी जा म्हटलं होतं. मग तो बाहेर पडला आणि पायऱ्या चढायला लागला. धापही लागली नाही. वर पोचला तेव्हा आकड्यांत बराच वेळ शिल्लक होता. तो मागच्या रांगेत बसला आणि सगळ्यांबरोबर त्या आकड्यांकडे बघत राहिला, ते संपेपर्यंत.